तोंड वाकडं

दादाने धाकटीशी अबोला धरला त्याला तीन आठवडे होत आले होते, आणि रोल शॉपमध्ये ही गोष्ट ठाऊक नाही असा एकही माणूस उरला नव्हता. सख्खी भावंडं, एकाच छपराखाली काम करणारी. तो ग्राइंडिंग मशीनवर, ती तपासणीला, आणि दोघांमध्ये अवाक्षर नाही. मध्ये फक्त रोल. भाऊ रोल घासायचा, बहीण तपासायची, आणि जे सांगायचं असेल ते खडूने रोलच्या मानेवर, म्हणजे टोकाच्या बारीक दांड्यावर, लिहून दोघं मोकळी व्हायची. वर केबिनमध्ये बसणारा क्रेनवाला म्हणायचा, "मी हल्ली रोल उचलत नाही. मी टपाल पोचवतो." सगळे हसायचे. धाकटी हसल्यासारखं करायची.

तिला हसू कुठून येणार? आईवडील गेल्यापासून तिच्यावर रागावायचा हक्क असलेलं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि ते रागावून गप्प बसलं होतं. त्याने चार शब्द सुनावले असते तर तिने उलट आठ सुनावले असते आणि चहापर्यंत सगळं मिटलं असतं. त्यांच्या घरात भांडणं अशीच व्हायची. हे मूग गिळून बसणं तिला नवीन होतं. दादा परत बोलेल की नाही, या एका काळजीने तिची झोप उडवली होती. पण आपण होऊन बोलायला जाईल तर ती धाकटी कसली? चूक त्याची होती, तेव्हा आधी त्यानेच बोलावं, असं तिचं म्हणणं. हट्टाच्या बाबतीत दोघंही एकाच आईची लेकरं.

चूक कसली होती ते कळायला आधी रोल कळायला हवा. रोल म्हणजे पत्रा लाटायचं लाटणं. माणसाच्या उंचीहून लांब, पोलादी, क्रेनशिवाय जागचं हलणार नाही असं. लाटण्यावर जे असेल ते पत्र्यावर उमटतं, आणि फेरीगणिक उमटत राहतं. म्हणून वापरून खराब झालेला रोल शॉपमध्ये यायचा, आणि दादा तो मशीनवर चढवून फिरत्या चाकाने घासून पुन्हा त्याचा आरसा करायचा. खरोखरचा आरसा. लोक जाता जाता त्यात भांग पाडायचे. नवी मशीनं हे काम आपलं आपण करतात, पण दादाचं मशीन जुनं होतं. त्यात चाकाचा दाब किती ते हातचाक फिरवून माणूसच ठरवायचा. आणि चांगल्या फिनिशची सगळी मेख शेवटच्या फेऱ्यांत असते. तिथे दाब वाढवायचाच नाही. चाक नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ येऊ द्यायचं, ठिणग्या कमी कमी होत विझेपर्यंत. तेव्हा हातचाक केसभर जरी जास्त फिरलं, तरी रोलभर स्क्रूच्या आट्यांसारखी बारीक रेघ गुंडाळली जाते. नवशिके हे हमखास करतात. दादाने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी केलं. धाकटीने रोलवर बॅटरी तिरपी धरली आणि तिला ती रेघ दिसली. आधी वाटलं, आपल्याच डोळ्यांना काहीतरी झालंय. पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं. रेघ तिथेच. शॉपमध्ये तिला भिंगबाई म्हणायचे ते उगाच नाही. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही आणि ती कोणाचा मुलाहिजाही ठेवायची नाही. तिने लाल खडू घेतला आणि सख्ख्या भावाच्या रोलवर, सगळ्यांच्या देखत, ही मोठी फुली मारली. बघणारे थक्क झाले. दादा आला, त्याने फुलीकडे पाहिलं, रेघेवरून बोट फिरवलं, आणि बहिणीकडे मान वर करून न बघता निघून गेला. त्या दिवसापासून अबोला.

आणि आज सकाळी मशीनवर जो रोल होता तो ऐऱ्यागैऱ्या कामाचा नव्हता. पत्रा लखलखीत हवा होता आणि त्यासाठी मिल थांबवून लोक रोलची वाट बघत बसले होते. दादाने मन लावून काम केलं. हिऱ्याच्या टोकाने चाकाला नवी धार काढली. पाण्यातला एक कणसुद्धा रोलवर ओरखडा काढतो, म्हणून पाण्याची गाळणी बदलली. शेवटच्या फेऱ्या ठिणग्या पार विझेपर्यंत चालू दिल्या. मग सवयीप्रमाणे रोल पुसून त्यात स्वतःचं तोंड पाहिलं. बाकीचे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसतं का ते बघतात, दादा तोंड बघायचा. म्हणायचा, "माझं तोंड मला पाठ आहे." त्याचं समाधान झालं, त्याने मानेवर खडूने बरोबरची खूण केली आणि बाजूला झाला.

धाकटी गेली. तपासणीच्या यंत्राची बारीक सुई तिने रोलवर तीन-चार ठिकाणी ओढली आणि आकडे पाहिले. इतके सुंदर आकडे तिने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. तिच्या मनात आलं, सांगावं त्याला. 'दादा, झकास' एवढंच. पण जीभ काही उचलली नाही. तिने खडूने 'ओके' लिहिलं आणि त्याच्याखाली एक रेघ जास्तीची ओढली. तेवढीच तिच्याकडून माघार. मग चहाचा भोंगा झाला आणि ती गेली.

चहा घेऊन परत येते तो काय, मशीन चालू. रोल क्रेनला लागायच्या ऐवजी पुन्हा फिरतोय, पाण्याची धार सुरू, ठिणग्या उडतायत. क्रेनवाला वरून उतरून तिच्याकडेच येत होता.

"भिंगबाई, तुमचा ओके गेला हो."

"गेला म्हणजे?"

"काट मारलीय त्याच्यावर. आणि खाली लिहिलंय, वाकडं."

"काय वाकडं?"

"ते मी कशाला विचारू? दादांचं तोंडच वाकडं आहे आज. सकाळी बरे होते, चहाला आले नाहीत, आणि आता बघावं तर तोंड हे एवढं वाकडं करून उभे. तुमच्यावरचा राग अजून काही उतरलेला दिसत नाही."

धाकटीने लांबूनच पाहिलं. दादा पाठमोरा होता, एका अंगाने मशीनला टेकलेला. एकदा त्याने मान वळवली तेव्हा तिला त्याचा ओठ एका बाजूला ओढलेला दिसला, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. माझा ओके खोडतो. त्या फुलीचा सूड उगवतो, आणि वर तोंड वाकडं करून दाखवतो. बरं आहे. घास म्हणावं किती घासायचं ते. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि दुसऱ्या कामाचे कागद पुढे ओढले.

पुढे कितीतरी दिवस तिला हे आठवायचं. तोंड वाकडं करणं म्हणजे नाराजी, हे आपल्या कानांना इतकं सवयीचं झालेलं असतं की माणसाचं तोंड खरोखर वाकडं झालं तरी आपण त्यात रागच शोधतो. क्रेनवाल्याने शोधला, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी शोधला, आणि जिला भिंगबाई म्हणायचे तिनेही तोच शोधला. दादाने चाकाला पुन्हा धार काढली, फेऱ्या मारल्या, रोल पुसला, वाकून पाहिलं, आणि पुन्हा फेऱ्या मारल्या. एका चांगल्या रोलची उगाचच साल निघत राहिली आणि ती ढिम्म बसून राहिली.

शेवटी सुपरवायझरचा फोन आला. मिलवाले डोकं खातायत, रोल कुठे अडकलाय? तेव्हा कुठे धाकटी उठली, यंत्र आणि बॅटरी घेतली आणि तरातरा मशीनपाशी गेली.

तिने दादाकडे न बघताच मशीन थांबवायची खूण केली. दादाने डाव्या हाताने बटण दाबलं. तिने सुई ओढली. आकडे मघासारखेच सुंदर. बॅटरी तिरपी धरून पाहिलं. रेघ नाही, पट्टा नाही, ओरखडा नाही. मानेवर 'वाकडं' हा शब्द मात्र होता, त्याची अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी खाली खाली गेलेली.

"रोल चांगला आहे," ती रोलला म्हणाली. अबोल्यात एवढी सोय असते, वस्तूंशी बोललेलं चालतं. "कोणाला काय वाकडं दिसतंय ते दाखवावं."

दादाने रोलकडे बोट दाखवलं. ती त्याच्या शेजारी उभी राहून वाकली. गोल रोलमध्ये तोंड चपटं दिसतं, वरून दाबल्यासारखं, पण डावी-उजवी बाजू सारखी दिसते. तिचं तोंड सारखं होतं. शेजारी दादाचं तोंड होतं आणि त्याची एक बाजू ओघळली होती. डोळा खाली, गाल खाली, ओठाचं टोक खाली, आणि तिथून हनुवटीपर्यंत लाळेचा ओघळ.

खरं सांगायचं तर या क्षणीसुद्धा तिला संशय आला तो रोलचाच. अरे, खरंच की, असं तिच्या मनात आलं. आकडे चांगले असूनही आकार बिघडलेला असू शकतो, तेवढ्या जागी रोल खोलगट झाला असेल. तपासणीत याला सोपा उपाय असतो, जागा बदलून बघायची. खोट रोलमध्ये असेल तर ती जागच्या जागी राहील. तिने दादाच्या खांद्याला धरून त्याला आपल्या जागी सरकवलं आणि स्वतः त्याच्या जागी उभी राहिली.

त्या जागी तिचं तोंड सरळ दिसलं. आणि जिथे आत्ताच तिचं तोंड सरळ दिसत होतं, तिथे दादाचं ओघळलेलं.

बॅटरी हातातून कधी पडली ते तिला कळलं नाही. ती वळली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने भावाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. रोलने काही खोटं सांगितलं नव्हतं.

"दादा, काय होतंय तुला? दादा, बोल ना. काहीतरी बोल माझ्याशी."

आणि दादा बोलला. त्याला बरंच काही सांगायचं होतं असं दिसत होतं. डोळे तिच्यावर रोखलेले, मान पुढे आलेली, आणि तोंडातून जे बाहेर पडलं त्यात एकही शब्द नव्हता. नुसता ओला, जड आवाज. तो त्याचा त्यालाही ऐकू आला असावा, कारण तो दचकला आणि थांबला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तीन आठवड्यांनी भाऊ बहिणीशी बोलला आणि काय बोलला ते कोणालाच कळलं नाही. मग त्याचा उजवा गुडघा मुडपला आणि तो तिच्या अंगावर कोसळला.

कारखान्याच्या गाडीत तिने त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मी तिथे बसले होते. चांगली समोर बसले होते. क्रेनवाला पुढच्या सीटवरून हात बाहेर काढून रस्ता मोकळा करत होता.

हॉस्पिटलमध्ये डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या पण हात भराभर चालत होते. दादाचे हातपाय उचलून बघता बघताच त्या बोलत होत्या.

"पक्षाघात आहे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. म्हणून नीट आठवून सांगा. शेवटचे अगदी धड कधी होते?"

"आज सकाळी."

"सकाळी कधी? कोणाशी बोलले होते का?"

धाकटी म्हणाली, "माझ्याशी बोलत नाही तो."

"म्हणजे बोलता येत नव्हतं?"

"येत होतं. बोलत नव्हता. अबोला होता आमचा."

डॉक्टरबाईंचे हात क्षणभर थांबले. "बरं. मग दुसऱ्या कोणाशी?"

दुसरं कोण असणार? कानात बोळे घालून मशीनशी उभा राहणारा, मुळातच कमी बोलणारा माणूस. त्याच्याशी सकाळी सकाळी गप्पा मारायला कोण जातंय? धाकटीने डोळे मिटून घेतले आणि सकाळ पुन्हा समोर आणली. दादाने रोल पुसला होता. वाकून तोंड पाहिलं होतं. बरोबरची खूण केली होती.

"चहाच्या सुट्टीत झालं," ती म्हणाली. "त्याआधी तोंड सरळ होतं."

"तुम्ही पाहिलं?"

"त्याने पाहिलं. रोलमध्ये बघतो तो. वाकडं दिसलं असतं तर त्याने खूण केलीच नसती. चहानंतर खोडली."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं, भोंगा किती वाजता होतो ते विचारलं, मनाशी हिशेब केला आणि म्हणाल्या, "मग वेळ आहे अजून." एवढ्या चार शब्दांनी धाकटीला रडू फुटलं.

तेवढ्यात वहिनी आली, दादाची बायको. ती घराजवळच पाळणाघर चालवायची, तिथून तशीच धावत आलेली, कोणाच्या तरी बाळाचं दुपटं खांद्यावर तसंच राहिलेलं. धाकटीने तिला चार वाक्यांत सांगितलं. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं, पदर तोंडात कोंबला आणि थोड्या वेळाने काढला. इंजेक्शन तयार होत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एकच विचारायचं राहिलं. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत असं काही झालं होतं का? अगदी छोटंसं? जीभ जड होणं, हातातून वस्तू सुटणं? तसा झटका येऊन गेला असेल तर हे इंजेक्शन धोक्याचं आहे. डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो."

"नाही हो," वहिनी म्हणाली. "ह्यांचं कधी डोकंसुद्धा दुखलं नाही."

"तुम्ही?"

धाकटीने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिच्या डोळ्यांपुढे रेघ आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळत गेलेली, ठिणग्या विझवायच्या फेरीत हातचाक जास्त फिरल्याने उमटलेली रेघ. चूक झाली, एवढंच तिने त्या दिवशी म्हटलं होतं. असं कोणाचा हात करतो, हे तिने विचारलंच नव्हतं. आपण किती फिरवतोय ते ज्या हाताला कळत नाही, तो हात असं करतो.

"वहिनी," ती म्हणाली, "दादा घरी बोलतो ना गं?"

"घरी तरी कुठे? तुझ्यावरचा राग आमच्यावर. हूं आणि नाही, संपलं. पोरांनासुद्धा खुणेनं सांगतात."

"कधीपासून?"

"तुमचं भांडण झालं त्या दिवसापासून."

"त्या दिवसापासून, की आधीपासून? नीट आठव, वहिनी."

वहिनी आठवायला लागली, आणि आठवता आठवता तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "आदल्या दिवशी संध्याकाळी कप सुटला ह्यांच्या हातातून. मी म्हटलं, लक्ष कुठे आहे? तर काहीतरी म्हणाले, पण बोबडं आलं. मी हसले. म्हटलं, आता बाळांसारखं बोलायला लागलात, उद्यापासून पाळणाघरातच या." तिने धाकटीचा दंड घट्ट धरला. "मी हसले गं. तेव्हापासून नीट बोललेच नाहीत ते. मला वाटलं, तुमचा अबोला."

"मलाही वाटलं, आमचा अबोला."

तीन आठवडे दोन्हीकडे एकच गोष्ट चाललेली, आणि दोघींनी तिला भांडण म्हणून बाजूला ठेवलेलं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी नर्सला हाताने थांबवलं. "मग हे देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "सांगितलंत ते बरं केलंत. दुसरे उपचार सुरू करते, पण बोलणं किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही." आणि पडदा ओढून आत गेल्या.

वहिनीने धाकटीचा दंड सोडला. अगदी हळू आवाजात, शेजारच्या माणसालाही ऐकू जाणार नाही अशा, ती म्हणाली, "तीन आठवडे दोघं गप्प होतात. आजच एक मिनिट गप्प बसायला तुला काय झालं होतं?"

धाकटी भिंतीशी खाली बसली. लाल फुली तिने एका झटक्यात मारली होती. आता ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. आपण आत्ताच भावाचं बोलणं स्वतःच्या हाताने मोडीत काढलं, ही एकच गोष्ट तिला कळत होती.

दोन दिवसांनी मोठा, बारकाईचा फोटो काढला तेव्हा त्यात नव्या डागाशेजारी एक जुना लहान डाग निघाला. डॉक्टरबाईंनी वहिनीला तो बोटाने दाखवला. इंजेक्शन दिलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी फार फोड करून सांगितलं नाही, सांगायची गरजही पडली नाही. वहिनी बाहेर आली, डब्यातलं अर्धं जेवण तिने धाकटीपुढे सरकवलं आणि म्हणाली, "खा. कालपासून काही खाल्लं नाहीस."

दादा जगला. पाय बऱ्यापैकी परत आला, हात अर्धामुर्धा, आणि शब्द एकेक करून, आडमुठ्या पाहुण्यांसारखे, येऊ तेव्हा येऊ म्हणत. मशीनवर दुसरा माणूस आला. धाकटी कामावरून रोज संध्याकाळी दादाकडे जायची, त्याच्यासमोर बसायची आणि आता इतकं बोलायची की वहिनी म्हणे, "अगं, त्यांना मध्ये शिरायला जागा तरी ठेव." पण एक प्रश्न ती गिळत होती. तो विचारायला तिला बरेच दिवस लागले.

"दादा, एक विचारू? वहिनीला हूं-हां करत होतास. क्रेनवाल्यालाही दोन अक्षरं टाकायचास. माझ्याशीच एक शब्द नाही. एवढा राग होता माझा?"

दादाने मान हलवली. शब्द जुळवायला तो वेळ घेत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती. एक बाजू अजून किंचित खाली होती.

"राग... नाही," तो म्हणाला. "फुली... बरोबर होती." मग म्हणाला, "भीती. मशीन... काढून घेतलं असतं."

"पण मला सांगायचंस ना. मी काय साहेबांकडे धावत गेले असते?"

लहानपणी ती काही वेडगळ विचारायची तेव्हा तो बघायचा तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याने एकेक करून उचलून आणले, "एका... शब्दात... पकडलं असतंस."

धाकटी हो म्हणाली. खरंच होतं ते. जड झालेली जीभ, एखादं घसरलेलं अक्षर, तिच्या कानातून सुटलं नसतं. हातातलं काम तिथेच टाकून तिने त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं असतं. आणि त्यासाठी त्याने आपण होऊन बोलायची काही गरज नव्हती. त्या तीन आठवड्यांत तिने त्याला एकदा जरी हाक मारली असती, तरी त्याला ओ द्यावी लागली असती.